तोरणहळ्ळीचे एक्कावन्न टक्के

गिरिजाबाई हत्तुरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भांडायला आलेल्या असताना, आणि चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर वाचणाऱ्यानं फार विश्वास ठेवू नये.

सत्त्याहत्तर सालचा एप्रिल. सोलापुरात मी तेव्हा कचेरीच्या निवडणूक शाखेत कनिष्ठ कारकून होतो. शाखा म्हणजे दोन टेबलं, तीन कपाटं, हात काळे करणारं एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि आमचे साहेब, म्हणजे रावसाहेब, यांच्या खोलीपुढचं हिरवं पार्टिशन. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की आम्ही डबे उघडायचो. आता त्या गिरण्या नाहीत, भोंगा नाही, पण मला अजून बरोब्बर त्याच वेळी भूक लागते. बाईही गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण मात्र भुकेसारखी वेळ पाळून येत नाही, कधीही येते.

लोकसभेची निवडणूक नुकतीच उरकली होती. गावनिहाय मतदानाचा तक्ता पाठवा, असं वरून पत्र आलं. यादीत नावं किती, मतं किती पडली, शेकडा प्रमाण किती, एवढंच विचारलं होतं. पण मला आकड्यांची भारी हौस. कुणी सांगितलं नसताना मी गावं उतरत्या क्रमानं लावली, शाळेत निकालाचे नंबर लावतात तशी. सगळ्यात वर निंबेवाडी, एक्याऐंशी टक्के. सगळ्यात खाली तोरणहळ्ळी, एक्कावन्न. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तोरणहळ्ळीचा मागचा आकडा अडुसष्ट होता, तो घसरलेला बघून मी शेवटच्या रकान्यात लाल शाईनं शेरा मारला : 'मतदार निरुत्साही.' माझं अक्षर वळणदार. रावसाहेब तक्ता बघून खूश झाले.

मग त्यांनी तोरणहळ्ळीची फाईल मागवली. आदल्या वर्षी त्या गावच्या यादीत एकदम दोनशे अठ्ठ्याण्णव नावं वाढली होती, आणि जवळजवळ सगळी बायकांची. त्यांतल्या एकशे सत्त्याहत्तर जणींनी या खेपेला मत दिलेलं नव्हतं. रावसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला, "बोगस नावं आहेत ही. यादीचं काम तिथल्या मास्तरणीकडं होतं, तिनं घरात बसून भरलेली दिसतात. कापून टाका आणि तिला खुलासा विचारा."

ते पत्र मीच टाइप केलं, रावसाहेबांचा संशय आणि माझा शेरा दोन्ही त्यात घालून. सात दिवसांत खुलासा करावा, नाहीतर एकशे सत्त्याहत्तर नावं वगळण्यात येतील आणि आपल्यावर योग्य ती कारवाई करण्यात येईल. 'योग्य ती कारवाई' हे शब्द टाइप करताना माणसाला उगाच आपण मोठे झाल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या दिवशी, आम्ही डबे उघडले आणि बाई दारात उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीच्या आसपासच्या, उंच, काटक, कपाळावर विभूती, डोक्यावरून पदर. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघून उन्हातून आल्या होत्या.

"निरुत्साही कुणी लिवलंय?" त्यांनी विचारलं.

खोलीत दोनच कारकून. दुसऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

"बाई, ते आकड्यांवरून…" मी सुरुवात केली.

"आकडे मी बी शिकवते. चौथीपतुर. तुमी गावाला कदी आलाव का?"

आलो नव्हतो. मी माझी बाजू सावरायला म्हणून, आणि खरं सांगायचं तर थोडं मिरवायलाही, म्हणालो, "बाई, मतदान हे कर्तव्य आहे. आता आमच्या घरचंच घ्या. दोन मतदार, दोघांनी मत दिलं. शंभर टक्के."

बाईंनी माझ्या टेबलावरच्या डब्याकडं बघितलं. "ह्यो डबा कुणी भरला?"

"आईनं. भाकरी बायकोनं केली."

"म्हंजे त्या हायत."

"आहेत म्हणजे? आहेतच!"

"मग तुमच्या शंभरात त्या कुटं हायत?"

घास माझ्या हातातच राहिला. आमच्या घरी यादीवाला आला तेव्हा वडील दारात उभे होते. मतदार किती, या प्रश्नाला त्यांनी 'आम्ही दोघं' असं उत्तर दिलं होतं आणि यादीवाला पुढच्या घरी गेला होता. मी स्वतः निवडणूक शाखेत, हजारो नावं हाताखालून जातात, पण आई आणि यशोदा यादीत नाहीत हे मला त्या दिवसापर्यंत कधी खुपलंच नव्हतं. मला फार लाज वाटली. मी बाईंना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणालो, "बसा. काय ते सांगा."

बाई म्हणाल्या, "आधी तुमी जेवा. भाकरी वाळंल."

त्यांनी सांगितलं ते असं. शहात्तर साली यादीच्या दुरुस्तीचं काम शाळेच्या माथी आलं. ते वर्ष वाईट होतं. कुणी कागद घेऊन दारात आलं की ते नसबंदीचंच, असं लोक धरून चालत आणि मागच्या दारानं रानात पसार होत. निंबेवाडीच्या गुरुजींनी सरळ चावडीत खुर्ची टाकली. जे आले त्यांची नावं लिहिली, जुनी संशयाची नावं उडवली, दोन दिवसांत काम फत्ते. बाई मात्र दुपारी, पुरुष रानात असताना, दारोदार हिंडल्या. घरात बायका होत्या, पण निराळीच अडचण उभी राहिली. यादीत बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लागतं, आणि तोरणहळ्ळीत कुठली बायको नवऱ्याचं नाव तोंडानं सांगणार? 'आमचे ते', 'थोरल्याचे वडील', 'शेजारच्या म्हातारीला इचारा'. आधीच्या यादीवाल्यांनी यावर सोपा उपाय काढला होता. ते ती बाईच सोडून देत.

बाईंनी दुसरा उपाय काढला. साधं नाव घ्यायचं नसलं तरी उखाण्यात घेता येतं. तिथल्या कानडी बायका त्याला वडपु म्हणतात. बाई उंबऱ्यावर बसायच्या, फॉर्म मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "घ्या बघू नाव." मग आतून हसणं, लाजणं, सासवांचं डोळे वटारणं, शेजारणींची गर्दी. शिवबाई नावाच्या एका पोरसवदा सुनेनं घेतलेला उखाणा बाईंनी मला तिथंच म्हणून दाखवला :

"जोंधळ्याच्या रानात गोफण फिरं गरगर,
मल्लप्पाचं नाव घेते, बाई, लिवा भरभर."

पुढच्या टेबलावरचा कारकून हसून लोटपोट झाला. पार्टिशनपलीकडं रावसाहेब खाकरले.

"असं दोनशे अठ्याण्णव येळा बसले मी उंबऱ्यावर," बाई म्हणाल्या. "घरात बसून भरली म्हनता व्हय?"

"पण मग एकशे सत्त्याहत्तर जणी मताला का आल्या नाहीत?"

"मार्चात कुटं हुत्या त्या? अकलूजच्या बाजूला ऊसतोडीवर, नवरा-पोरांसंगट. अक्षय तृतीयेच्या पुढं येत्यात माघारी. गाव सोडलं न्हाई त्यांनी, ऊस तोडाया गेल्यात. आन् ज्या एकशे एकवीस आल्या, त्या जलमात पयल्यांदा आल्या. त्यांचं कौतुक तुमच्या कोन्त्या रकान्यात लिवलंय?"

कुठल्याच रकान्यात नव्हतं लिहिलं. मी कपाटातून एकाहत्तरच्या जनगणनेचं पुस्तक काढलं. तोरणहळ्ळी आणि निंबेवाडी ही दोन्ही गावं सारखीच, सतराशे वस्तीची. एकवीस वर्षांवरची, म्हणजे तेव्हाच्या मताच्या वयाची, माणसं दोन्हीकडं अंदाजे आठशे धरली. निंबेवाडीत आठशे माणसं आणि यादीत नावं चारशे बारा! म्हणजे निम्मं गाव कागदावर नव्हतंच. त्या चारशे बारांपैकी तीनशे चौतीस जणांनी मत दिलं, म्हणून एक्याऐंशी टक्के. तोरणहळ्ळीत आठशेंपैकी सातशे एकोणसत्तर नावं यादीत आणि मतं तीनशे ब्याण्णव, म्हणून एक्कावन्न. मी यादी सोडून माणसांच्या आकड्यानं भागाकार केला. निंबेवाडीत शंभर मोठ्या माणसांमागं बेचाळीस मतं पडली होती, तोरणहळ्ळीत एकोणपन्नास. आणि ज्या मागच्या खेपेचे अडुसष्ट टक्के मी चांगले धरले होते, त्या खेपेला गावातून एकूण मतंच तीनशे वीस पडली होती. मतं बहात्तरनं वाढली होती आणि मी लाल शाईनं निरुत्साही लिहून मोकळा झालो होतो.

बाईंनी माझा कागद उलटा करून पहिलीतल्या पोराचा तपासावा तसा तपासला आणि म्हणाल्या, "आता बरोबर हाय. पर तुमी हे आदी का न्हाई केलं?"

मी तो कागद घेऊन रावसाहेबांकडं गेलो. ते वाईट मनाचे नव्हते, पण टाइप झालेलं पत्र मागं घेणं त्यांच्या जिवावर यायचं. "आठशे हा तुझा अंदाज आहे," ते म्हणाले. "अंदाजावर मी नावं ठेवू शकत नाही. माणसं दाखवा."

"दावते की," बाई दारातून म्हणाल्या. "ऐकून घेतल्याबिगार नाव कापता येत न्हाई, असं तुमच्याच पुस्तकात हाय. मे मंदी या."

रावसाहेबांनी तारीख दिली. त्या दिवशी बाईंना एस.टी.पर्यंत पोचवायला मी गेलो आणि वाटेत त्यांची थोडी हकीकत कळली. त्या सोलापुरातल्याच, गिरणी कामगाराची मुलगी. चौदाव्या वर्षी तोरणहळ्ळीत लग्न करून गेल्या आणि अठराव्या वर्षी नवरा, मडिवाळप्पा, तापानं गेला. माहेरी परत जायची तयारी चालली होती. पण सासू, अक्कम्मा, आडवी आली. 'पोरगी शिकंल,' म्हणाली. स्वतः अंगठेबहाद्दर, पण लोकांच्या रानात खुरपायला जाऊन तिनं सुनेला शिकवलं, परीक्षेला बसवलं आणि मास्तरीण करून गावातच परत आणलं. "माजी आई दोन येळा झाली बगा," बाई म्हणाल्या. "एक जलम दिलेली, एक जगिवलेली."

मी विचारलं, "बायका तुम्हालाही नाव घ्या म्हणत असतील?"

"म्हनत्यात की." बाई म्हणाल्या. "नवरा नसलेल्या बाईनं नाव घ्यायचं नसतं. गावची रीत हाय. मला लई राग येतो तिचा. पर मी भांडत न्हाई. मला नावं लिवून घ्यायची हुती, रीत बदलायला बसले असते तर दोन बी झाली नसती."

मेमध्ये आम्ही गेलो. रावसाहेब, मी आणि शिपाई, तिघं जीपमधून. शाळेला सुट्टी होती आणि ऊसतोडीवरून गाड्या परतल्या होत्या. शाळेच्या पडवीत टेबल मांडलेलं, आणि समोर, ऐन उन्हात, बायकांची रांग पार विहिरीपर्यंत. मी एवढ्या बायका एका रांगेत फक्त रेशनच्या दुकानापुढं पाहिल्या होत्या. माझ्या हातात एकशे सत्त्याहत्तर नावांची यादी आणि लाल पेन. जी येणार नाही तिच्यावर रेघ मारायची.

रावसाहेबांनी पहिलीला विचारलं, "नाव?"

"निंगव्वा."

"नवऱ्याचं नाव?"

निंगव्वानं पदर तोंडात धरला. मागं खसखस पिकली. रावसाहेब चिडले, "अहो, नाव सांगा, नाहीतर मी कशावरून धरू?" तेव्हा कडेला उभ्या असलेल्या बाई एवढंच म्हणाल्या, "घे गं." आणि निंगव्वानं मान खाली घालून एका दमात म्हटलं :

"पेरल्यात तुरी, उगवल्यात दाट,
ईरप्पाचं नाव घेते, सायब, सोडा माजी वाट."

रावसाहेब आधी गोरेमोरे झाले आणि मग पोट धरून हसले. त्यानंतर त्यांनी एकीलाही साधं नाव विचारलं नाही. सकाळपासून दिवस कलेपर्यंत, मराठीत आणि कानडीत, एकामागून एक उखाणे. मी नावं ताडून बघत होतो आणि एकेक टिक करत होतो. कधीकधी वाटतं, सरकारी नोकरीत मी अडतीस वर्षं काढली ती या एका दिवसाच्या भरवशावर. एवढं खरं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

एकशे अडुसष्ट बायका आल्या. पाच जणी बाळंतपणाला माहेरी होत्या, त्यांच्या सासवांनी ग्वाही दिली. उरली चार नावं. रावसाहेब आता इतके खुशीत होते की म्हणाले, "असू द्यात ही चार."

"न्हाई," बाई म्हणाल्या. "ह्या चौघी आता न्हाईत. मार्चनंतर दोन गेल्या, दोन आदीच गेल्या. कापा. मेलेल्याचं नाव ठिवलं की उद्या जित्या मान्साच्या नावावर संशय येतो."

त्यांनी माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं आणि चार रेघा स्वतः मारल्या. मला वाटलं, मास्तरीण आहे, शिस्तीची दिसते. मी त्या नावांकडं बघितलंसुद्धा नाही.

एकशे त्र्याहत्तर नावं राहिली. पत्र मागं घेतलं गेलं. नवा तक्ता गेला तो गावांच्या नावाच्या क्रमानं, आणि त्यात मी एक रकाना वाढवला : गावात मोठी माणसं किती. वरून त्यावर काही विचारणा आली नाही. बहुधा तो कुणी वाचलाच नाही.

डोळे एप्रिलमध्ये उघडले, पण घरचा फॉर्म मी भरला तो दिवाळीनंतर. कारण काही नाही, आळस. यशोदाचा फॉर्म झाला आणि मी आईला म्हणालो, "आता तुझा. रुक्मिणी… आणि नवऱ्याचं नाव तू सांगायचं." मला माहीत नव्हतं थोडंच! पण मला बाईंसारखं उंबऱ्यावर बसून लिहायचं होतं. आई आधी रागावली, मग लाजली. वडील झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. आई देवघराकडं बघत हळूच म्हणाली :

"देवापुढं समई, समईत वात,
गुंडोपंतांच्या घरात गेली माझी हयात."

वडिलांनी वर्तमानपत्र खाली केलं. चाळीस वर्षांच्या संसारात बहुधा पहिल्यांदाच त्यांना तो हिशेब कुणी ऐकवला होता. त्या संध्याकाळी त्यांनी आईच्या हातून चहाचा कप उठून घेतला.

यादी छापून आली तेव्हा मी आईला तिचं नाव दाखवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे आता इथंच राहणार ना?" मी म्हणालो, "राहणार." फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक होती. कुठलं लुगडं नेसायचं हेही तिचं ठरलेलं होतं.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा उठत होती त्या आठवड्यात, आई गेली. छातीत कळ आली एवढंच. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

बाई भेटायला आल्या. बराच वेळ वडिलांजवळ बसल्या. निघताना अंगणात मी त्यांना म्हणालो, "उमेदवारी अर्जांच्या मुदतीच्या आत मयतांची नावं काढायची आहेत. आईचं मी राहू देणार आहे. एका नावानं काय होतंय? दोन महिने झालेत बाई, फक्त दोन महिने ती यादीत आहे."

बाईंनी माझा हात धरला. "कमलाकरराव, त्या चार रेघा मी मारल्या, आठवतंय? त्यातली पयली अक्कम्मा हत्तुरे. माजी सासू. तिचं नाव बी मीच यादीत घातलं हुतं. मत न देताच गेली ती बी."



"दुसऱ्या कुनाला कापू देऊ नका," बाई म्हणाल्या. "तुमी घातलं, तुमीच काडा. रेघ सरळ मारा."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी यादी काढली. रुक्मिणी गुंडोपंत. ज्या लाल पेनानं मी एका अख्ख्या गावाला निरुत्साही ठरवलं होतं, त्याच पेनानं पट्टी लावून रेघ मारली. सरळ मारली.

फेब्रुवारीत तोरणहळ्ळीत साडेचारशेच्या वर मतं पडली. बाईंचं कार्ड आलं, त्यात फक्त आकडा होता आणि खाली सही. आमच्या घरून वडील, मी आणि यशोदा, तिघं एकत्र मतदानाला गेलो. वडील आईच्या जागी रिकामं अंतर सोडून चालल्यासारखे कडेकडेनं चालत होते.

संध्याकाळी सवयीनं मी हिशेब केला. घरात मोठी माणसं तीन, यादीत नावं तीन, मतं तीन. आमच्या घरचं मतदान पुन्हा शंभर टक्के झालं होतं. या खेपेला आकडा खरा होता, आणि तो मी कुणालाही सांगितला नाही.